आधी प्रश्न, मग होकार

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वसईच्या कॅथोलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपता संपता एक सूचना वाचली गेली. आई आणि मुलगी, दोघींनी मिळून करायची एक दिवसाची तपसाधना. मुलगी बारा वर्षांवरची हवी. जेवणाची सोय आहे. नावं अमुक तारखेपर्यंत ऑफिसात द्यावीत. सूचना एवढीच. पण तिच्यावरून चर्चच्या आवारात सुरू झालेला वाद मी पुढच्या महिन्याभरात दोन लग्नांच्या मांडवांत, एका मयताच्या घरी आणि विरार लोकलच्या लेडीज डब्यात पुन्हा पुन्हा ऐकला. माझी मावशी म्हणते, "पोरी हाताबाहेर चालल्यात. मिस्साला येत नाहीत, आल्या तर डोकं फोनमध्ये. उद्या बाहेर लग्न करतील, पोरांचा बाप्तिस्मासुद्धा करणार नाहीत. आयांनीच लक्ष घातलं पाहिजे." कॉलेजपासूनची माझी एक मैत्रीण म्हणते, "हे पाप, ते पाप करून मुलीला लहानपणापासून घाबरवायचं आणि त्याला संस्कार म्हणायचं? अठरा वर्षांची होऊ दे, तिचं ती ठरवेल." दोघींना मी चांगली ओळखते, दोघींवर माझा जीव आहे, आणि दोघी भलत्याच गोष्टीवर भांडतायत असं माझं मत आहे.

दोघींनाही श्रद्धा म्हणजे घरातला दागिना वाटतो. मावशी म्हणते, हरवायच्या आत तो पोरीच्या गळ्यात घाला. मैत्रीण म्हणते, लॉकरमध्ये ठेवा, मोठी झाली की बघेल, आवडला तर घालेल. दागिना घडून पुरा झालाय आणि आईचं काम तो सांभाळायचं, हे मात्र दोघींनी न बोलता मान्य केलंय. मला तेच मान्य नाही. जिची श्रद्धा दृढीकरणाच्या (लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराच्या) वर्गात शिकलेल्या उत्तरांपाशी थांबली आहे, ती आई मुलीला काही देऊ शकत नाही आणि तिच्यापासून काही राखूनही ठेवू शकत नाही. आई-लेक श्रद्धेतून जवळ येतात त्या आई अजून शिकते आहे हे लेकीला दिसतं तेव्हा. त्यासाठी घरात प्रश्न विचारायची मुभा लागते आणि आईच्या तोंडात "मला माहीत नाही" हे शब्द असावे लागतात. हे माझं म्हणणं काही आधुनिक सोयीचं नाही. ते आमच्या धर्माच्या पार मुळाशी आहे. तिथवर येतेच.

आधी मावशीची बाजू, कारण तिची भीती खोटी नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या अकरा लाखांच्या आत होती, म्हणजे राज्याच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले मराठी बोलणारे आणि कॅथोलिक किती, हा हिशेब आणखी लहान होत जातो. एवढ्याशा समाजात दोन पिढ्यांनी कंटाळा केला तर मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी जपमाळेला कोण बसणार, हा प्रश्न पोकळ नाही. शिवाय "अठराव्या वर्षी निवडेल" हे ऐकायला छान आहे, पण ती निवडणार कशातून? ज्या मुलीने कधी पवित्र शुक्रवारची (गुड फ्रायडेची) ती निःशब्द दुपार अनुभवली नाही, आजीच्या मयताला "अनंत विश्रांती दे" म्हणताना जिचा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळला नाही, तिच्यासमोर अठराव्या वर्षी एक माहितीपत्रक ठेवून "ठरव" म्हणणं ही निवड आहे का? मूल मोठं होऊन भाषा निवडेल म्हणून आपण त्याच्याशी अठरा वर्षं मुकेपणाने वागत नाही. (ही उपमा मी मैत्रिणीला ऐकवली तेव्हा ती लगेच म्हणाली, "भाषा चुकली तर नरकात जाशील असं कुणी सांगत नाही." तिचा मुद्दा बिनतोड होता. उपमा तिथे लंगडी पडते, हे मी कबूल करून टाकते.)

पण मावशी भीतीवर थांबत नाही, पुढे जाऊन म्हणते, "आमच्या वेळी असं नव्हतं. आईने दिलं ते आम्ही घेतलं." हे मात्र खरं नाही, आणि ते खरं नाही हे माझ्या स्वतःच्या घरातल्या चार बायकांकडे बघितलं तरी कळतं. माझी पणजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्साला जायची. मिस्सा लॅटिनमध्ये, फादरची पाठ लोकांकडे. तो आपलं म्हणायचा आणि पणजी आपली जपमाळ ओढत बसायची. मग १९६२ ते ६५ या काळात जगभरच्या कॅथोलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासनेत लोकांची भाषा वापरायची मोकळीक देणारा तिचा दस्तऐवज डिसेंबर १९६३चा. त्यानंतर काही वर्षांत वेदीवर मराठी आली. माझ्या आजीला ते मुळीच आवडलं नव्हतं. "फादर आपल्यासारखाच बोलायला लागला, मग देव राहिला कुठे?" असं ती म्हणायची, हे आमच्या घरात अजून हसून सांगतात. माझ्या आईची सगळी प्रार्थना मराठीत, आणि फार दुखलं-खुपलं तर कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत. मी दोन्हींत. माझी लेक इंग्रजी माध्यमातली; तिला जपमाळेतलं "नमो मारिया" येतं, पण झोपेत तिच्या तोंडून निघतं ते "हेल मेरी". खुद्द जपमाळसुद्धा तीच राहिलेली नाही. पणजीच्या जपमाळेत पंधरा रहस्यं (येशू-मारियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग) होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, म्हणून माझ्या लेकीच्या जपमाळेत वीस आहेत. मग "आईने दिलं ते तसंच घेतलं" असं नक्की कोणी केलं? प्रत्येक पिढीने आईच्या हातातून काहीतरी घेतलं आणि त्यातलं निम्मं आपल्या भाषेत नव्याने शिकून घेतलं. आजीला तर पन्नाशीच्या पुढे शिकावं लागलं, कुरकुरत का होईना.

थोडं आणखी मागे गेलं तर हे जास्त स्पष्ट होतं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, आणि नव्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी जे रचलं ते ओवीत रचलं. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापून निघालं, दहा हजारांवर ओव्यांचं. ओवीच का? हा छंद जात्यावरचा, पाळण्याचा. बायकांच्या तोंडी आधीच असलेली चाल त्यांनी उचलली. म्हणजे परदेशी धर्मगुरूला चारशे वर्षांपूर्वी जे उमगलं होतं ते असं, की शिकवणाऱ्याला आधी स्वतः शिकावं लागतं. फादरांनी मराठी शिकली. आम्ही आया लेकीची भाषा शिकायला तयार आहोत का? मी नुसतं इंग्रजीबद्दल बोलत नाही.

वसईकर मंडळी अशा वादात १७३९ साल हमखास काढतात, तर मीही काढते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज अधिकारी आणि त्यांचे पाद्री निघून गेले, मागे थोडेसे एतद्देशीय धर्मगुरू आणि शेता-वाडीत राबणारे आमचे लोक उरले. श्रद्धा टिकली ती घराघरातून, आयांनी टिकवली, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटतं. पण आयांनी त्याची दप्तरं ठेवलेली नाहीत, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. जास्त नोंदलेली गोष्ट जपानची आहे, आणि तिचा धागा वसईपर्यंत येतो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारले गेले, एकूण सव्वीस जणांपैकी एक म्हणून. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षं तिथल्या खेड्यांतले लोक लपून, फादरांविना, अर्धवट लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना म्हणत राहिले. मार्च १८६५मध्ये नागासाकीच्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये (हे चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाचं, म्हणजे आमच्या गोन्सालोंच्याही नावाचं) उराकामी गावची काही माणसं आली. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच पाद्री पतीजाँ यांच्या जवळ जाऊन हलकेच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि मग विचारलं: सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? आता यातून "बघा, बायकांनीच धर्म राखला" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्या गुप्त समाजात बाप्तिस्मा देणं, सणवार मोजणं ही पदं पुरुषांकडेच असायची, हेही सांगायला हवं. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. अडीचशे वर्षं तगून राहिलेल्या श्रद्धेच्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य प्रश्नाचं होतं. त्या बाईने पाद्रीसमोर पाठांतर म्हणून दाखवलं नाही. तिला मूर्ती बघायची होती.

आता मैत्रिणीची बाजू. तिच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा "घाबरवणं" हा नाही. भीती घालणं कमी झालंय, निदान आमच्याकडे. जड मुद्दा असा: मुलीला श्रद्धा शिकवताना आपण पुष्कळदा श्रद्धेच्या नावाखाली मुलीपण शिकवतो. कपडे कुठले, आवाज केवढा, घरी किती वाजता. अशाच एका शिबिरात मी स्वतः तेरा वर्षांची असताना बसले होते. दोन तासांच्या सत्रात पावणेदोन तास शालीनतेवर गेले, आणि ख्रिस्ताचं नाव शेवटच्या प्रार्थनेत आलं. बाजूच्या हॉलमध्ये मुलगे होते. त्यांना नेतृत्वगुण शिकवत होते. हा विनोद नाही, पण आज लिहिताना हसू येतं खरं. आणि चर्चची रचना? वेदीसेवेत, म्हणजे मिस्सात फादरांच्या मदतीला, मुलींना घ्यायला हरकत नाही हे रोमने जगभर कळवलं १९९४ साली. त्याच वर्षी, स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, हेही पोपनी निक्षून सांगितलं. वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदं स्त्रियांना रीतसर खुली झाली ती २०२१ साली. माझ्या लेकीने नवव्या वर्षी विचारलं होतं, "मम्मी, मी फादर का नाही होऊ शकत?" तेव्हा मी तिला चर्चचं उत्तर सांगितलं: येशूने बारा पुरुष निवडले, चर्च ती परंपरा मोडू शकत नाही. तिने विचारलं, "तुला पटतं?" मी म्हटलं, "मी चर्चचं ऐकते, पण मला सगळं कळलंय असं नाही." तिला ते उत्तर पुरलं नाही. पण मी खोटं बोलले नाही हे तिला कळलं, आणि त्या वयाला तेवढं मोठं असतं.

मैत्रिणीचा दुसरा मुद्दा मला आणखी टोचतो. श्रद्धा टिकवायचं ओझं आईवरच का? आई-मुलगी तपसाधना, मग बाप कुठे? व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलंय आणि आई-वडील दोघांनी मुलांचे पहिले सुवार्ताप्रचारक व्हावं असं म्हटलंय. दोघांनी. आमच्या गावात मात्र जपमाळ आईची, धर्मशिक्षणाची वही आईची, पोरगी मिस्साला आली नाही की बोल आईला. बाप वर्षातून एकदा सणाच्या मिरवणुकीत छत्र धरतो. मी आमची दोघींची नावं ऑफिसात द्यायला निघाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "जेवायला मी काय करू?" एवढ्या एका वाक्यावर वेगळा लेख होईल, तो आज नको.

हे सगळं मान्य करूनही मैत्रिणीचा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. तिला वाटतं, आईने शिकवलं की मुलगी बांधली जाते. उलट उदाहरण आपल्या मराठीतच आहे, आणि ते कॅथोलिक नाही म्हणून तर मुद्दाम देते. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात मुलीला उठवून तिच्याकडून श्लोक म्हणून घेतले. धार्मिक आईने धार्मिक मुलीला धर्मग्रंथ शिकवले. याहून जास्त "संस्कार" कुठले? आणि त्या शिक्षणाचं फळ काय? मुलगी त्याच ग्रंथांना प्रश्न विचारायला लागली, आणि १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेजला अँग्लिकन चर्चमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. तिथेही ती गप्प बसली नाही. तिची धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी तिने पत्रांतून वाद घातला: स्वतःच्या विवेकाबद्दल, आणि आपली लहानगी मनोरमा धर्माचं काय आणि कसं शिकणार याबद्दल. नव्या धर्मातल्या प्रेमळ वडीलधाऱ्यांनाही तिने लेकीवरचा शब्द सहजासहजी दिला नाही. तीच मनोरमा पुढे आईने उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या खांद्याला खांदा लावून राबली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. लक्ष्मीबाईंनी मुलीला जे दिलं त्याने मुलगी बांधली गेली की मोकळी झाली? मावशीला हे उदाहरण आवडणार नाही, कारण त्यात मुलगी घरचा धर्म सोडते. मैत्रिणीलाही आवडणार नाही, कारण न शिकवता ते झालं नसतं.

आता ते मुळाशी जायचं.

लेक अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. ऑक्टोबर, म्हणजे जपमाळेचा महिना. संध्याकाळी वीज गेलेली, ओट्यावर मेणबत्ती, आणि आम्ही दोघी फरशीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो. शेंगा सोलताना हात मोकळे नसतात, म्हणून मणी ओढायला नको. दहा दाणे बाजूला काढायचे, एक दाणा म्हणजे एक नमो मारिया. (मावशी म्हणेल, हा काय पोरखेळ. पणजी तर शेतात दाव्याच्या गाठींवर जपमाळ करायची.) आनंदाचं पहिलं रहस्य: देवदूत गाब्रिएल मारियाला निरोप सांगतो, की ती येशूची आई होणार. चौथ्या दाण्यावर लेक थांबली. "मम्मी, ती नाही म्हणाली असती तर?" मी नेहमीचं उत्तर देणार होते, की ती नाही म्हणालीच नसती, ती निष्कलंक होती वगैरे. पण तिचा चेहरा खरंच काळजीत होता, जणू गोष्ट अजून घडायची आहे. मी म्हटलं, "माहीत नाही गं." दाणे तसेच राहिले. त्या दिवशी आमची जपमाळ पुरी झाली नाही.

पुढे आमच्या ओळखीच्या एका वयस्क सिस्टरना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत सावरून बसल्या. म्हणाल्या, तुझ्या पोरीने संत बर्नार्डचा प्रश्न विचारलाय. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्डचं मारियेवरचं एक प्रवचन आहे. त्यात तो थेट मारियेशी बोलतो: देवदूत उत्तरासाठी थांबलाय, आदाम थांबलाय, सगळं जग तुझ्या पायाशी थांबलंय, लवकर बोल. म्हणजे जिला नाही म्हणता आलं नसतं अशा मुलीकडे जग श्वास रोखून बघत बसलं, असं बर्नार्डला वाटत नव्हतं. होकार खरा ठरायला नकाराची वाट उघडी लागते. मी चाळीस वर्षं हे रहस्य म्हणत आले होते आणि त्यात एक मुलगी निर्णय घेते आहे हे मला माझ्या लेकीने दाखवलं.

आणि लूकच्या शुभवर्तमानात बघा, मारियेचं देवदूताला पहिलं उत्तर "तुझ्या वचनाप्रमाणे होवो" हे नाहीच. ते नंतर येतं. पहिलं वाक्य आहे: "हे कसे होईल?" आमच्या धर्माच्या सर्वात लाडक्या स्त्रीने आधी प्रश्न विचारला, मग होकार दिला. कुणी म्हणेल, याच अध्यायात जखऱ्या या याजकानेही देवदूताला प्रश्न विचारला आणि तो मुका झाला. झाला खरा. पण जखऱ्या पुरावा मागत होता. मारिया वाट विचारत होती. (आणि प्रश्न विचारल्याबद्दल याजकाची वाचा गेली, गावातल्या मुलीला मात्र उत्तर मिळालं, हे लिहिताना लूक मनात हसला असेल असं मला नेहमी वाटतं.) पुढे बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, आईला उत्तर देतो, आणि लूक सरळ लिहितो की त्याचं बोलणं त्यांना समजलं नाही. देवाच्या आईला आपलं मूल समजलं नाही! परिषदेच्या १९६४च्या त्याच दस्तऐवजात असंही आहे की मारिया श्रद्धेच्या यात्रेत पुढे पुढे जात राहिली. जिची श्रद्धा वाढत होती अशी आई खुद्द चर्चला चालते, मग आम्हा वसईच्या आयांनाच सगळं आधीपासून माहीत असल्याचा आव का आणावा लागतो?

मावशीकडे देव्हाऱ्यात संत आन्नाचं, म्हणजे मारियेच्या आईचं, एक जुनं चित्र आहे: आन्ना बसलेली, मांडीशी छोटी मारिया, दोघींमध्ये उघडं पुस्तक. बायबलमध्ये आन्नाचं नावही नाही. ते दुसऱ्या शतकातल्या बायबलबाहेरच्या एका लेखनातून आलं, आणि पुस्तक तर मध्ययुगातल्या चित्रकारांनी तिच्या हाती दिलं. वाचता येणाऱ्या बायका मोजक्या असायच्या त्या काळात मारियेच्या आईचं चित्र काढायचं तर कुणीतरी तिला वाचताना काढलं! मावशी त्या चित्राला रोज उदबत्ती ओवाळते. त्यात आन्नाची नजर मुलीवर पाळत ठेवून नाही, पुस्तकावर आहे, हे मी तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मुलगी शेजारी बसलीय तेवढं तुला दिसत नाही का?" दिसतं. तो मुद्दा मी तिला देऊन टाकला.

भक्ती म्हणजे आपोआप जवळीक, हा आणखी एक भ्रम आहे आणि तो तपसाधना भरवणाऱ्यांना जास्त असतो. फ्रान्समधल्या आलाँसोंच्या झेली मार्तँ ही लेस विणून विकणारी बाई. लिझ्यूच्या संत तेरेजाची आई. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई या नवरा-बायकोला एकत्र संतपद दिलं. तसा मान मिळालेलं ते पहिलंच जोडपं. या संत बाईची तिसरी मुलगी लेओनी. हट्टी, अभ्यासात मागे, शाळेतून परत पाठवलेली. झेली तिच्यासाठी नवस करी, रडे, पत्रांतून दुःख लिही. आणि मरणापूर्वी काही महिने, १८७७ साली, तिला कळलं की घरातली विश्वासू मोलकरीण त्या पोरीला वर्षानुवर्षं धाक घालून आपल्या मुठीत ठेवत होती. त्याच छपराखाली, रोजच्या प्रार्थनेच्या आवाजात. संत होऊ घातलेल्या आईला ते दिसलं नव्हतं. झेलीला स्वतःच्या आईचाही कडकपणा सोसावा लागला होता. लहानपणी एक बाहुलीसुद्धा मिळाली नाही, असं तिने लिहून ठेवलंय. सत्य कळल्यावर उरलेल्या थोड्या दिवसांत तिने लेओनीला जवळ घेतलं, आणि मुलगी आईला चिकटली. तिघी-चौघी बहिणी सरळ मठात गेल्या. लेओनी तीनदा जाऊन परत आली आणि १८९९ साली चौथ्यांदा काँच्या मठात जाऊन टिकली. झेलीची प्रार्थना वाया गेली असं मी म्हणत नाही. पण मुलीसाठी देवाशी बोलणं आणि मुलीशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीच्या जागी चालत नाही.

मग तपसाधनेला जावं की नाही? आम्ही गेलो. एक दिवस म्हणजे एक दिवस. त्याने मावशीला हवं तसं काही सावरत नाही आणि मैत्रीण घाबरते तसं काही बिघडत नाही. सकाळचं प्रवचन ओळखीचं होतं. दुपारी मात्र एका सिस्टरनी सगळ्या आयांना एक चिठ्ठी लिहायला सांगितली: तुमच्या श्रद्धेतली तुम्हाला न कळलेली एक गोष्ट. साठ बायकांच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी पवित्र शुक्रवारी ऐकली आहे. मुली आयांकडे टकामका बघत होत्या. माझ्या शेजारची बाई, बाजारात फुलं विकणारी, पेन हातात धरून म्हणाली, "एकच लिहायची?" माझ्या मते त्या दिवशी काही घडलं असेल तर ते तेव्हा घडलं. पुढच्या वेळी बापांनाही बोलवा, एवढी सूचना मी वहीत लिहून आले.

लेक आता सतरा वर्षांची आहे. उद्या ती हे सगळं सोडेलही. रमाबाईंचं उदाहरण मी दिलंय ते त्याची किंमत माहीत असताना दिलंय. गेल्या रविवारी मिस्सात विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं) म्हणताना एका ओळीला तिचा आवाज बंद झाला. मी ऐकलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. मिस्सा संपून रिक्षात बसलो, तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "तुला वाटतंय मी गप्प राहिले. पण मम्मी, तू पण एका ठिकाणी गप्प होतेस. दर रविवारी."

"कुठे?"

"देहाचं पुनरुत्थान."

माझी आई गेल्यापासून त्या ओळीला माझा घसा दाटतो, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. कन्फेशनमध्येही नाही. रिक्षा गिरीजच्या वळणावर आली, केळीच्या वाड्या सुरू झाल्या. मग मी तिला तिची ओळ विचारली.